बाळाची तारीख चुकू नये

सुरत शहराच्या दक्षिण-पूर्व अंगास, उधना व डिंडोली यांच्या लगत, नवागाम नावाची वस्ती आहे. गाव गुजरातचे, पाट्या गुजराती. परंतु गल्लीतून चालणाऱ्याच्या कानावर पदोपदी खानदेशची बोली पडते. नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमागावर, रंगाई-छपाईच्या कारखान्यांत व बांधकामावर कामास आलेली कुटुंबे या भागात वर्षानुवर्षे राहत आली आहेत. त्यांच्या मुलांसाठी सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळाही चालतात. आमच्या वाचकांपैकी कोणाचा मुलगा, कोणाची लेक, कोणाचा भाऊ आज तिकडे संसार करीत असेल. म्हणून हा विषय एकट्या नवागामचा नव्हे. तो गावी राहिलेल्या आजी-आजोबांचाही आहे.

उधन्याहून निघालेली गाडी बारडोली, व्यारा, सोनगढ मागे टाकीत नवापुरास येते. नवापूरचे स्थानक अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात आहे. दोन राज्यांची सीमा फलाटावरूनच गेली आहे. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत गाडी जळगावास पोहोचते. याच मार्गाने लग्नाची वऱ्हाडे जातात, दिवाळीची बोचकी जातात, बाळंतपणासाठी लेकी माहेरी जातात आणि तान्ही बाळे घेऊन परत येतात. आणि याच मार्गावर, कोणाच्या ध्यानीमनी नसता, पुष्कळ बाळांच्या लसीच्या तारखा हरवतात. आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत ते या हरवलेल्या तारखांविषयी.

आपल्याकडील रीत सर्वांस ठाऊक आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे. सातवा महिना लागला की लेक सुरतेहून गावी येते. प्रसूती तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात होते व तेथेच बाळाला जन्मवेळच्या लसी मिळतात. मग सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही. सव्वा महिना सरला की पाहुणे येतात, बारशाची अथवा बाप्तिस्म्याची गडबड होते, जावयाचा निरोप येतो, गाडीचे आरक्षण होते. नेमकी हीच वेळ बाळाच्या दीड महिन्याच्या लसीची असते! माहेरची माणसे म्हणतात, "आता सासरी जाऊनच घेईल." सासरी आल्यावर खोलीची आवराआवर होते, नवऱ्याची पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची असते, आणि कार्ड शोधू गेल्यास ते माहेरच्या फडताळात राहिलेले असते. तोवर अडीच महिन्यांची तारीखही येऊन जाते.

या सर्वांत कोणी लसीला विरोध केला काय? मुळीच नाही. आई मायेने भरलेली, आजी काळजीवाहू, बाप कष्टाळू. लस नाकारली गेली नाही. ती नुसती राहून गेली. आमच्या मते आजच्या काळातील खरे संकट हेच होय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, गुजरातेत काय किंवा महाराष्ट्रात काय, एक ते दोन वर्षे वयाच्या दर चार बालकांमागे सुमारे एकाच्या मूलभूत लसी पूर्ण झालेल्या नव्हत्या. ही सर्वच मुले अडाणी किंवा हट्टी आईबापांची आहेत असे कोण म्हणेल?

तेव्हा प्रथम तारखा नीट समजून घेऊ. शासनाच्या वेळापत्रकाप्रमाणे बाळ जन्मताच त्याला क्षयाविरुद्ध बीसीजी, पोलिओचे थेंब व कावीळ ब या रोगाची लस द्यावयाची असते. यांपैकी काविळीची लस जन्मापासून २४ तासांच्या आत मिळावी. पुढे ६, १० व १४ आठवड्यांनी, म्हणजे आपल्या बोलीत दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी, तीन फेऱ्या येतात. या तिन्ही फेऱ्यांत पंचगुणी लस असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा मेंदूज्वर व न्यूमोनिया अशा पाच शत्रूंविरुद्ध ती एकाच सुईतून दिली जाते. तिच्याबरोबर पोलिओचे व रोटा अतिसाराचे थेंब तिन्ही वेळा, आणि न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल लस व पोलिओची सुई पहिल्या व तिसऱ्या फेरीत असते. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची पहिली सुई, न्यूमोकोकल व पोलिओची आणखी एकेक सुई आणि जीवनसत्त्व अ. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची दुसरी सुई, तसेच पोलिओ व त्रिगुणी लसीची पुनर्मात्रा. पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणीची आणखी एक मात्रा, आणि १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस. हे सर्व सरकारी केंद्रात विनामूल्य आहे, आणि मूल कोणत्या राज्यात जन्मले यावरून कोणास परत पाठविले जात नाही.

वाचक विचारतील, तारखेस एवढे महत्त्व का? महिना पुढे-मागे झाला तर काय बिघडले? याचे उत्तर गोवराच्या उदाहरणाने चांगले कळते. आईच्या उदरात असताना बाळाला तिच्या रक्तातून काही संरक्षण मिळते. ही आईची शिदोरी पहिले काही महिने पुरते व पुढे हळूहळू संपते. शिदोरी भरलेली असताना गोवराची लस दिली तर ती नीट लागू पडत नाही. शिदोरी संपल्यावर उशीर केला तर बाळ उघडे पडते. या दोहोंमधील सांधा म्हणजे नववा महिना. या वयात लस दिली असता शंभरातील सुमारे ८५ बालकांत संरक्षण निर्माण होते. उरलेल्यांसाठी दुसरी सुई असते. म्हणून दुसरी सुई ही जास्तीची नव्हे, पहिल्या सुईचाच राहिलेला भाग होय. डांग्या खोकल्याचे असेच. हा रोग सर्वांत घातक ठरतो तो अगदी तान्ह्या बाळांना; म्हणूनच पंचगुणीची पहिली फेरी दीड महिन्यासच ठेवली आहे. पाच महिन्यांनी दिलेली लस पाच महिन्यांपूर्वीच्या खोकल्यास आवरू शकत नाही.

गोवर हा रोग "येऊन जातो" असे आमच्या घरांतून अजून म्हटले जाते. दारास कडुनिंबाचा डहाळा बांधावा, मुलाला बाहेर नेऊ नये, पुरळ अंगावर पूर्ण फुटू द्यावे, एवढ्यात पुष्कळांचा उपचार संपतो. परंतु गोवर नुसते पुरळ नव्हे. त्यापाठोपाठ न्यूमोनिया, अतिसार, कानाचा विकार येतात. कुपोषित बालकाची दृष्टीही जाते. शिवाय शरीराने पूर्वी इतर रोगांशी झगडून जी शक्ती मिळविलेली असते तीही गोवर पुसून टाकतो व मूल पुढे कित्येक महिने दुबळे राहते. आणि त्याचा फैलाव पाहा. पुरळ दिसण्यापूर्वी चार दिवसांपासून रोगी दुसऱ्यास रोग देऊ लागतो, आणि तो खोलीतून उठून गेला तरी दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू राहू शकतात. लस न घेतलेल्या मुलांत एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांस लागण होते. जेथे एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात आणि एका चाळीत वीस बिऱ्हाडे असतात, तेथे पुरळ दिसल्यावर मुलाला वेगळे ठेवणे म्हणजे घोडा पळाल्यावर पागेस कडी लावणे होय.

हे केवळ पुस्तकातील ज्ञान नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ उसळली, आणि त्याच सुमारास भिवंडी व मालेगाव येथेही ती पसरली. बालके दगावली. भिवंडी व मालेगाव ही दोन्ही गावे यंत्रमागाची आहेत, हे नवागामच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. तीच दाट वस्ती, तीच पाळीची कामे, तीच गावी ये-जा करणारी माणसे. त्या वेळी साथीच्या भागात घरोघरी फिरून मुलांना जादा मात्रा द्याव्या लागल्या. ज्या मुलांच्या दोन्ही सुया वेळेवर झाल्या होत्या, त्यांच्या आयांना त्या दिवसांत निदान एवढा तरी धीर होता. गोवराची साथ रोखावयाची तर शंभरातील ९५ मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. म्हणजे आपल्या बाळाची सुई ही शेजारच्या सहा महिन्यांच्या, अजून लसीच्या वयात न आलेल्या बाळाचेही संरक्षण असते. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

घरातील वडीलधाऱ्या मंडळींस आमची एक विनंती आहे. आपल्या दंडावरील जुना गोल व्रण एकदा नातवंडांस दाखवावा. तो देवीच्या लसीचा व्रण आहे. आपल्या देशात ही लस प्रथम टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे पावणेदोनशे वर्षे देवी काढणारे गावोगाव हिंडले. लोक दारे लावून बसले, मुले कणगीत लपविली, तरी ते हिंडत राहिले. १९७५ साली भारतातील देवीचा अखेरचा रोगी आढळला आणि १९७७ साली देश देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज पंचविशीतील एकाही तरुणाच्या तोंडावर देवीचे वण दिसत नाहीत. पोलिओचे तसेच झाले. १९९५ साली पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. जानेवारी २०११ मध्ये हावड्याच्या एका बालिकेनंतर या देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रोगी झाला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये तसे प्रमाणपत्र मिळाले. "आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या लसी?" असे जे म्हणतात, त्यांनी आपल्या वेळी एकेका घरात किती पाळणे रिकामे झाले तेही आठवावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोलिओच्या रविवारी बूथवर दोन थेंब पाजले, बोटावर शाई लागली, की बाळाच्या लसी झाल्या असे काही माता समजतात. तसे नाही. ते थेंब केवळ पोलिओचे, आणि तेही नियमित मात्रांवर जादा. वेळापत्रकातील मात्रा निराळ्या घ्याव्याच लागतात.

आता काही शंका. पहिली तापाची. पंचगुणी लसीनंतर बाळाला एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिरते. हे पुष्कळदा होते व आपोआप शमते. परिचारिका सांगेल त्या प्रमाणात तापाचे औषध द्यावे, अंगावर दूध पाजत राहावे. सुईच्या जागी हळद, तेल, चुना काही लावू नये. मात्र बाळाला झटके आले, ते तीन तासांहून अधिक एकसारखे रडत राहिले, अथवा अंगावर गांधी उठून श्वास लागला, तर तत्काळ केंद्रात न्यावे. यासाठीच लस दिल्यावर अर्धा तास तेथे बसावयास सांगतात. तो अर्धा तास वाया गेला असे मानू नये.

दुसरी शंका, "बाळाला सर्दी आहे, मग कशी टोचावी?" साधी सर्दी, हलका खोकला किंवा किरकोळ जुलाब यांसाठी लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. निर्णय केंद्रातील डॉक्टरांना अथवा परिचारिकेला करू द्यावा. घरी बसून आपणच करू नये. तिसरी शंका एका दिवशी तीन सुयांची. आईचे काळीज हलते हे आम्ही जाणतो. परंतु या लसी एका दिवशी निरनिराळ्या जागी दिल्याने बाळास अपाय होत नाही. उलट एका फेरीतील एक सुई मागे ठेवली की ती पुढे बहुधा राहूनच जाते.

चौथी अडचण शंका नव्हे, पोटाची आहे. लस विनामूल्य असली तरी दिवस विनामूल्य नाही. घरकाम अथवा कारखान्यात कापडाच्या घड्या करणाऱ्या बाईचा खाडा झाला तर मजुरी जाते. हे दुःख खरे आहे आणि त्यावर उपदेशाचा उतारा नाही. म्हणून घरातील इतरांनी पुढे यावे. बाळाला आईनेच न्यावे असा नियम कोठेही नाही. रात्रपाळी करून आलेला बाप नेऊ शकतो, आजी नेऊ शकते, धाकटी आत्या नेऊ शकते. हाती कार्ड असले म्हणजे पुरे. गुजरातेत यासाठी ममता दिवस ठरलेला असतो. आपल्या अंगणवाडीत तो कोणत्या वारी असतो हे आशा बहेनला विचारून ठेवावे व सकाळीच जावे. बीसीजी व गोवराच्या लसीची कुपी उघडल्यावर चार तासांतच वापरावी लागते, हेही लवकर जाण्याचे एक कारण आहे.

राहिला प्रश्न भाषेचा. खानदेशातील कार्ड मराठीत, सुरतेतील गुजरातीत. बोलताना परिचारिका एक शब्द वापरते व आमची माय दुसरा समजते. म्हणून थोडे शब्द येथे देतो. ते कापून कार्डात ठेवण्यास हरकत नाही. आपण लस म्हणतो तिला गुजरातीत रसी म्हणतात. आपला गोवर म्हणजे त्यांची ओरी. आपला डांग्या खोकला म्हणजे उटांटियुं. कावीळ ब म्हणजे झेरी कमळो. पोलिओला बाळलकवो असेही म्हणतात. धनुर्वात हा धनुर, आणि क्षय तर दोन्हीकडे क्षयच. गुजराती आकडे आपल्या आकड्यांचेच भावंड आहेत. थोडे लक्ष दिले तर तारीख कोणासही वाचता येते. दोन्ही राज्यांतील कार्डांवर लसी त्याच आणि वयेही तीच असतात. नंदुरबारची परिचारिका सुरतेचे कार्ड पाहून पुढची मात्रा देऊ शकते, आणि सुरतेची नंदुरबारचे पाहून.

समजा तारीख चुकलीच. तर लाजून घरी बसू नये. "आता बोलणी खावी लागतील" या भयाने कित्येक माता पुढच्या मात्राही टाळतात आणि एका चुकीच्या चार होतात. चुकलेली लस पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जेथे थांबली तेथून, किमान चार आठवड्यांच्या अंतराने, पुढे चालू करता येते. गोवर-रुबेलाची राहिलेली सुई पाच वर्षांपर्यंत देतात. काही लसींना मात्र वयाची मर्यादा असते. बीसीजी एक वर्षापर्यंतच दिली जाते. म्हणून "आता झालाच आहे उशीर, तर पुढच्या महिन्यात पाहू" हे म्हणणे सोडावे.

गरोदर लेकीसही विसरू नये. गरोदरपणी तिला धनुर्वात-घटसर्पाची लस दिली जाते, आणि तिच्यामुळे बाळाचे पहिल्या दिवसांतील धनुर्वातापासून रक्षण होते. एके काळी नाळ कापल्यावर आठवडाभरात ताठ होऊन जाणारी अर्भके गावोगाव होती. २०१५ साली हा रोग भारतातून जवळजवळ हटल्याचे मान्य झाले, ते या सुईमुळे व रुग्णालयातील स्वच्छ प्रसूतीमुळे. लेक माहेरी निघाली की तिच्या पिशवीत ही नोंद असलेले कार्ड असावे. आणि ती सासरी परतताना त्याच पिशवीत बाळाचेही कार्ड असावे.

लस दिल्यावर परिचारिकेने चार गोष्टी सांगावयाच्या असतात: आज कोणती लस दिली, तिच्यामुळे काय त्रास होऊ शकतो व त्यावर काय करावे, पुढच्या खेपेस कधी यावे, आणि कार्ड जपून आणावे. गर्दीत तिच्याकडून एखादी राहिली तर आपण विचारावी. विचारण्यात कमीपणा नाही. तारीख ऐकली की घरी येऊन भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करावी. आणि त्या सुमारास गावी जावयाचे असेल तर जाण्यापूर्वी परिचारिकेस सांगावे, म्हणजे लस गावी कोठे मिळेल याचा विचार आधी होतो.

आमची वाचकांस एवढीच सूचना आहे. हा अंक खाली ठेवल्यावर घरातील पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे कार्ड बाहेर काढावे. रिकामा चौकोन दिसला तर येत्या लसीच्या दिवशी मुलाला घेऊन जावे. आणि कार्ड जर माहेरी, नवापूरच्या पलीकडे राहिले असेल, तर आजच निरोप धाडावा. भावाने त्या कार्डाचा फोटो काढून पाठविला तरी केंद्रातील परिचारिकेस पुढची मात्रा ठरविण्यास तो उपयोगी पडेल. मूळ कार्ड मात्र पुढच्या गाडीने येणाऱ्या माणसाबरोबर अवश्य मागवून घ्यावे.